गाडी बंद करू नको

टेक्सास, समुद्राकाठ
१८ ऑगस्ट

मोनूच्या आजोबांस,
कौशल्याचा शि. सा. न. वि. वि.

आमी सारे इथं बरे आहो, तुमी तिथं कसे आहा ते खरं खरं लिहा. प्लांटमधल्या रोलिंग मिलच्या आवाजानं तुमचे कान नेले, फोनवर मी बोलते एक अन् तुमी ऐकता भलतंच. म्हणून हा कागदच बरा. लिहिते, मोबाईलनं फोटो काढते अन् पाठवते.

मोनू तीन आठवड्याचा झाला. नाक तुमच्यावर गेलं, बिचाऱ्याचा इलाज नाही. आपल्या सुनेचे, हर्षाचे, सिझरचे टाके अजून दुखतात. तिची आई असती तर मी इतक्या दूर कशाले आली असती? पण आता वाटते, आली ते बरं झालं.

मोठी बातमी अशी की आपल्या पीयूषनं गाडी घेतली. शेजारच्या मार्थाबाईची. बाई सत्तरीची आहे, एकटी राहते. मोतीबिंदू झाला म्हणून डॉक्टरनं तिले गाडी चालवाले मना केलं. गाडी डिझेलची आहे हे ऐकलं अन् मी नाक मुरडलं. जामुलच्या रस्त्यावरचे धूर ओकणारे सिमेंटचे ट्रक आठवले. इथं साऱ्याच्या गाड्या पेट्रोलच्या, पण जे डिझेलवाले आहेत ते भल्ते हट्टी. मार्था म्हणे की ज्यानं एकदा डिझेल चालवलं तो परत पेट्रोलकडं जात नाही. एकदा टाकी भरली की भिलाईहून नागपूरले दोनदा जाऊन यावं, इतकं चालते. आवाजही फार नाही. मी धुराचं विचारलं, तर बाईनं आपला पांढरा रुमाल चालू गाडीच्या नळीवर धरला अन् मले दाखवला. डाग नाही! हर्षा मले मराठीत सारं समजावून सांगत होती अन् हसत होती.

पण खरं सांगू? गाडी किती का चांगली असेना, इथल्या रस्त्यावर मले भेव लागते. गाड्या अशा पळतात की मी डोळे मिटून बसते.

गोळ्या वेळेवर घेत जा. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

तुमची,
कौशल्या


स्मृति नगर, भिलाई
२१ ऑगस्ट

सौ. कौशल्येस,
पंजाबरावचे अ. उ. आ.

तुह्या मार्थाबाईचा रुमाल मी आपल्या दोस्ताले, केवलरामले, वाचून दाखवला. तो इतका हसला की त्याले पाणी द्या लागलं. त्याच्याच डिझेल जीपमधी मागं बसून आपण डोंगरगडले गेल्तो, अन् उतरल्यावर तुह्या पिवळ्या साडीचा रंग धुरानं कोणता झाला होता ते दोघाले आठवते. तवा रुमालाची गोष्ट मले इतक्यात पटत नाही.

बाकी डिझेलची ताकद मी नाकारत नाही. प्लांटमधी वितळल्या लोखंडाच्या गाड्या डिझेल इंजिनच ओढते, जन्मभर पाहिलं. पीयूषले मेसेज करून विचारलं, पेट्रोल स्वस्त असून ते लोक डिझेल कावून घेतात? तो म्हणते, तिथं माणूस कामाले शंभर शंभर किलोमीटर जाते, लांबच्या रस्त्यावर डिझेल कमी पिते, अन् वर्षानुवर्षं मरत नाही. ठीक आहे.

शेजारची प्रेमला दोन्ही वेळ भाजी आणून देते. तिखट कमी राहते, पण तुले सांगू नका म्हणाली.

एक विचारतो, घाबरू नको. टीव्हीवर तिकडच्या समुद्रात वादळ उठलं असं दाखवून राहिले. ते तुमच्याकडं आहे की दुसरीकडं? पीयूष घरीच आहे ना? तू सिविक सेंटरचा रस्ता माही बाही धरल्याबिगर ओलांडत नाहीस, म्हणून विचारतो.

मोनूले आशीर्वाद. मायेत अंतर पडू देऊ नको.

तुहा,
पंजाबराव


टेक्सास
२७ ऑगस्ट

मोनूच्या आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

लवकर लिहिते. वादळ आमच्याकडंच वळलं. पीयूष कंपनीच्या कामाले ओहायोले गेला अन् तिथंच अडकला, विमानं बंद झाली. सकाळपासून साऱ्याचे मोबाईल भोंग्यासारखे ओरडून राहिले की गाव सोडा.

पंपावर पेट्रोल संपलं. नळ्यांले प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ठेवल्या. लोक एकमेकावर ओरडतात. आपल्या गाडीत डिझेल भरपूर आहे. मार्था म्हणते की पेट्रोलवाले रस्त्यात थांबतील, ही गाडी आपल्याले पोचवल. तिले एकटीले कसं सोडावं, तिलेही संग घेतलं.

गाडी हर्षा चालवणार. बाळंतपणानंतर तिनं कोणत्याच गाडीले हात लावला नव्हता. पोटावर उशी बांधली आहे. मी तिले विचारलं, जमल का? ती मोनूचे लंगोट भरत राहिली.

माहं अक्षर सांभाळून घ्या, बॅग मांडीवर ठेवून लिहिते. देवापाशी दिवा लावा.

कौशल्या


स्मृति नगर
२८ ऑगस्ट

सौ. कौशल्येस अ. उ. आ.

तुहं पत्र वाचून लगेच लिहिलं होतं, मोबाईलवर त्यापुढं अजून एकच टिक आहे. म्हणजे तुले पोचलं नाही. हेही पोचते का नाही माहीत नाही, पण लिहिल्याबिगर हात जागेवर राहत नाही.

टीव्हीवर दाखवलं, रस्ताभर गाड्याच गाड्या, हलत नाहीत. वरून पाऊस. मी टीव्हीपाशी जाऊन एकेक गाडी पाहिली. प्रेमला म्हणाली, काकाजी, ती गाडी तुमी कधी पाहिलीच नाही तर ओळखाल कशी? खरं आहे.

तिनं माह्या मोबाईलवरून तुले फोन लावला अन् आपल्या कानाले धरला. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. तिनं मान हलवली.

मिळालं तर एक अक्षर पाठव. फक्त एक.

पंजाबराव


स्मृति नगर
२९ ऑगस्ट

कौशल्ये,

आज आशीर्वाद लिहाले सुचत नाही.

पीयूषचा मेसेज आला. तोही तुमच्याशी बोलू शकला नाही. त्यानं जे लिहिलं ते तुले कळवणं भाग आहे. या नव्या डिझेल गाडीत डिझेलशिवाय आणखी एक टाकी राहते, निळ्या झाकणाची. तिच्यात युरियाचं पाणी टाका लागते. आपण धानाले टाकतो तोच युरिया. त्यानं धूर साफ होते, म्हणून तो रुमाल पांढरा राहिला. ते पाणी संपलं तर चालू गाडी चालत राहते, पण एकदा बंद केली की परत सुरू होत नाही. सरकारचा कायदा तसा आहे म्हणे.

पाणी संपत आल्याचा दिवा लागला होता. ओहायोवरून आल्यावर भरतो, असं पीयूषनं ठरवलं. हर्षाले सांगाचं राहून गेलं. पोरगा लिहिते, बाबा, तिनं कुठं दम घ्याले गाडी बंद केली तर ते भर वादळात तिथंच राहतील.

मी त्याले काय काय लिहिलं ते तुले सांगत नाही. बाप असं लिहीत नाही.

कौशल्ये, हे पत्र वाचलं तर हर्षाले सांग, गाडी बंद करू नको. काहीही झालं तरी बंद करू नको. माहं हे पत्र आधी पोचो अन् मागचं मग.

पंजाबराव


गुरुद्वाऱ्याच्या हॉलमधून, टेक्सास
३० ऑगस्ट

मोनूच्या आजोबांस,
जिवंत कौशल्याचा शि. सा. न. वि. वि.

आमी चौघंही सुखरूप आहो. हे आधी वाचा, मग बाकीचं. इथं नेटवर्क आलं अन् तुमची तिन्ही पत्रं एकदम पडली. पीयूषशी बोलणं झालं. त्याले आणखी बोलू नका, तो फोनवर नुसता रडत होता.

आमी निघालो तवा चार पदरी रस्ता होता, पण साऱ्या गाड्या एकाच दिशेनं. माणूस पायी चालल त्याहून हळू. जरा वेळानं कडेले गाड्या दिसाले लागल्या, पेट्रोल संपलेल्या. लोक बोनेटवर बसले होते, पोरंबाळं पावसात. आपल्या गाडीचा काटा जागचा हलत नव्हता, तवा मले मार्थाचं म्हणणं पटलं.

मग हर्षासमोर गाडीच्या पडद्यावर अक्षरं आली. हर्षानं वाचली, ते युरियाचं पाणी संपत आलं होतं. मैलाचा आकडा कमी कमी होत चालला होता. मार्थाले अक्षरं दिसत नाहीत, पण हर्षानं वाचून दाखवल्यावर तिनं हर्षाचा हात गाडी चालू-बंद कराच्या बटनावरून ओढला. ती ओरडून सांगत होती की बंद करू नको. तुमी लिहिलं तेच. तुमचं पत्र तवा आलं नव्हतं.

थोड्याच वेळात आकडा शून्य झाला. गाडी चालू होती, पण आमी तिघी श्वास घेतानाही घाबरत होतो. आजूबाजूच्या लोकांनी पेट्रोल वाचवाले आपापल्या गाड्या बंद केल्या होत्या. फक्त आपली घुरघुर करत होती. एक माणूस रबराची नळी घेऊन आला अन् काचेवर धाडधाड मारू लागला. त्याले आमचं तेल पाहिजे होतं. मी मोनूले पदराखाली घेतलं. मार्थानं आतून ओरडून सांगितलं की डिझेल आहे. त्यानं शिवी दिली असावी, पण गेला.

तवाच मले दिसलं की हर्षाच्या कुर्त्याले रक्त लागलं आहे. टाका उसवला होता. तिनं सांगितलंच नव्हतं. ती सीटवरून उठू शकत नव्हती, मार्थाले नीट दिसत नव्हतं. राहिली कोण?

मार्था मले म्हणाली, ट्रकवाल्याकडं जा अन् डेफ माग. डेफ म्हणजे बहिरा, एवढं इंग्रजी मले तुमच्या कानाच्या डॉक्टरमुळं येते. मले वाटलं, भेवानं बाईचं डोकं फिरलं, वादळात बहिरा माणूस मागते. हर्षानं सांगितलं की त्या युरियाच्या पाण्यालेच तसं म्हणतात, ट्रकलेही ते लागते.

मी उतरली. पाऊस असा की डोळे उघडत नव्हते. ट्रकचं एकेक चाक माह्या छातीएवढं. मी चाकाले हात लावत लावत पुढं गेली. कोणाची बाही नव्हती धराले. पहिल्या ट्रकवाल्याले डेफ, डेफ म्हटलं तर त्यानं आपल्या कानाले हात लावून मले हातवारे केले. दुसऱ्यानं काच खाली केलीच नाही. मी रडत होती का पाऊस होता, माहीत नाही. मागं पाहिलं तर आपली गाडी दिसेना. तिथं मले वाटलं की आता मी हरवली.

तिसऱ्या ट्रकमधी पगडी दिसली. मी हिंदीत ओरडली की भैया, छोटा बच्चा है, मदद करो. तो उडी मारून खाली आला. भूपेंद्र नाव, जालंधरकडचा. त्याच्यापाशी त्या युरियाच्या पाण्याचा मोठा डबा होता. मले त्यानं कुठून आलं विचारलं, मी भिलाई म्हटलं, तर म्हणे त्याची मामी आपल्याच सेक्टर-सहाले राहत होती. माह्या अंगावर त्यानं आपलं जॅकेट टाकलं.

पण गाडीपाशी आल्यावर तो म्हणाला की आधी गाडी बंद करा लागल, तवाच टाकता येते. हर्षा ऐकेना. बटनावर हात ठेवून ती रडत होती, म्हणे सुरू नाही झाली तर? हर्षानं माह्याकडं पाहिलं. मी म्हटलं, बंद कर. कोणत्या तोंडानं म्हटलं, देव जाणे, सगळ्यात जास्त तर मीच भ्यायली होती.

तिनं बंद केली. आवाज थांबला तसा मोनू उठला अन् रडाले लागला. भूपेंद्रनं डबा ओतला, म्हणे थोडं थांबा, गाडीले समजाले वेळ लागते. आमी थांबलो. वारा गाडीले हलवत होता. मग तो म्हणाला, आता.

पहिल्या वेळी झाली नाही. दुसऱ्या वेळी झाली.

तिघी आपापल्या भाषेत रडलो. भूपेंद्रनंच या गुरुद्वाऱ्याचा पत्ता दिला. इथं एका डॉक्टरीणबाईनं हर्षाले टाका घातला. ती झोपली आहे.

तुमी जेवले का? प्रेमलाले माहा नमस्कार.

तुमची,
कौशल्या


स्मृति नगर
३१ ऑगस्ट

सौ. कौशल्येस,
अ. उ. आ. आज पोटभर लिहितो.

पत्र दारातच वाचलं. तिथंच पायरीवर बसलो. केवलराम धावत आला, त्याले वाटलं वाईट बातमी. मी हसत होतो अन् डोळे पुसत होतो, म्हणून तो बिचारा रडाले लागला. मग त्यालेच पत्र वाचाले दिलं.

पीयूषले लिहिलं की माहं बोलणं विसर. तो गाडी विकून टाकतो म्हणते. मी म्हटलं, मले विचारू नको, अन् स्वतःही ठरवू नको. जिनं चालवली तिले विचार.

तुले काय लिहू? इतकी वर्षं संगं राहून मले वाटे, मी तुले पूर्ण ओळखतो.

मायेनं, तुहा,
पंजाबराव


टेक्सास
१२ सप्टेंबर

मोनूच्या आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पीयूष आला. आता आमी त्याच्या मित्राच्या घरी, शहरात आहो. हर्षानं गाडी विकू दिली नाही. पण परवा ती गाडीत बसली अन् बटनावर बोट ठेवून कितीतरी वेळ तशीच राहिली. पीयूष म्हणाला, मी चालवतो. ती म्हणाली, नाही. आमी कोणी घाई केली नाही.

मार्थाले तिचं घर पाहाचं होतं. आपलं भाड्याचं घर गाळानं भरलं आहे, सामान गेलं. मार्थाच्या घराच्या फक्त पायऱ्या राहिल्या. हर्षानं गाडी उभी केली अन् तिले सारं सांगितलं, कारण तिले धूसरच दिसते. बाई उतरली नाही. तिनं विचारलं की मागचं लिंबाचं झाड आहे का. हर्षा म्हणाली, नाही. मग तिनं परत फिरवाले सांगितलं.

तिले जवळचं कोणी नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत ती आपल्याच संगं राहील, असं हर्षानं ठरवलं. माहंही तिकीट पुढं ढकललं. दिवाळीले मी नसणार, रागावू नका. फराळ प्रेमलाले करू द्या, अन् तिखट तिच्या मनानं घालू द्या.

माहं भेव गेलं असं समजू नका. इथं रोज दुपारी ढग येतात. आमी तिघी आपापल्या कामातून उठतो अन् एकाच खिडकीत येऊन उभ्या राहतो. ढग निघून गेले की परत कामाले लागतो.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
कौशल्या