नीलमच्या भावाची गाडी

१२ नोव्हेंबर, बुधवार

नीलम आज परत आलती! तिच्या भावाची ती रिमोटची गाडी घेऊन. दिसायला खेळण्यातला ट्रक, पण आत खरं इंजिन, नायट्रोच्या तेलावर चालणारं. दोरी ओढली की असं केकाटतं की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येतात.

वळणावर बंद पडते म्हणाली. पडणारच! गेल्या खेपेला कार्बोरेटरची सुई मीच जरा सैल सोडली होती. तेल जास्त जातं, इंजिन गुदमरतं, आणि गाडी परत खासबागात, आमच्या गॅरेजात येते. गाडी म्हणजे नीलम.

१३ नोव्हेंबर

गॅरेज सिद्रामअण्णांचं, त्यामुळं बोलायचा हक्क त्यांचा. सगळ्यांसमोर म्हणाले, "बुलेट तासात करतोस, आणि ह्या खेळण्याला महिना लागतोय व्हय रं?" पोरं हसली. मी पाना आपटला. अण्णा शांतपणे म्हणाले, "उचल." उचलला.

कॉलेजात सरांच्या टेबलावर फाईल फेकली होती, तेव्हा कुणी उचल म्हटलं नाही. थेट घरी आलतो. परत गेलोच नाही.

१४ नोव्हेंबर

नीलमचा फोन. भाऊ स्वरूप रविवारी बेंगळुरूहून येतोय, जाताना गाडी घेऊन जाणार. मी म्हटलं, बरं झालं.

काय बरं झालं? गाडी गेल्यावर तिनं वडगाव सोडून इकडं कशाला यायचं? आणि मी तिच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं?

१५ नोव्हेंबर, शनिवार

ठरवून गेलतो — आज गाडी नीट करायची. लबाडी बास.

वडगावच्या मोकळ्या मैदानात दुपारी. सुई केसभर आत घ्यायची, एक चक्कर मारायची, धूर बघायचा. मग परत केसभर. इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला तर सावकाश चुरचुरला. म्हणजे बरोबर. मागं निळसर धुराची बारीक रेघ. गाडी वळणावर न अडखळता वळली, आणि नीलम ओढणी कमरेला बांधून तिच्यामागं पळत सुटली. मी धूर बघायचा सोडून तिच्याकडंच बघत राहिलो.

तिथंच थांबायला पाहिजे होतं. कडेला बसलेल्या पोरांतला एकजण म्हणाला, एवढंच पळतंय होय? झालं! डोकं सटकलं. सुई पाव फेरा आत पिळली. काय पळाली गाडी! ती पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला लई भारी वाटलं.

नीलम लांबून ओरडली, "रविराज, धूर कुठं गेला?"

ऐकलं मी. कळलंही. तेल कमी पडतंय, तापतंय. तरी रिमोटवरचं बोट काढलं नाही.

मैदानाच्या मधोमध गाडी थांबली. थेंब टाकला तर टाकता टाकता उडाला. दोरी हलेना. पिस्टन धरला होता, तापून आतच अडकून बसला होता.

मी म्हटलं, माझ्यामुळं झालं, तुझ्या भावाला मीच येऊन सांगतो. ती रागावली नाही. गरम गाडी ओढणीत गुंडाळून उचलली. आजवर मला तुम्ही म्हणायची. आज म्हणाली, "गाडी तापू द्यायची न्हाय म्हणून मला शिकवतोस. आणि तू?"



१६ नोव्हेंबर

गेलो नीलमच्या घरी. आत कापडाचे माग खडखडत होते, त्यामुळं माझा गुन्हा मला दारातच मोठ्यानं सांगावा लागला. स्वरूपनं हात उगारला तरी आपण उगारायचा नाही, हे घरातनं ठरवूनच निघालतो. त्यानं इंजिन उलटंपालटं करून बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "पहिलं इंजिन मी बी असंच जाळलं रं. चहा घे."

नीलमनं चहा आणला. वर बघितलं नाही. कपबशी ठेवून आत गेली.

संध्याकाळच्या गाडीनं स्वरूप गेला. ट्रकही गेला.

संपलं.

१७ नोव्हेंबर

रस्त्यावर स्कूटी वाजली की नीलमच आली वाटून मान वर. दिवसभर हेच. अण्णा बघत होते.

१८ नोव्हेंबर

काही नाही.

१९ नोव्हेंबर

नीलम आली. हातात काहीच नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "आता काय बिघडलंय गं?"

"काय न्हाय," म्हणाली.