गोरखरावांना जमेल अशी फायरवॉल

४ जून २००६, रविवार

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला! आधी दुकानातला, तासाभरात वर घरातलाही. दोन्ही एकाच केबलला, एकाला शिंक आली की दुसऱ्याला पडसं! मंचरहून संपत आला, आमचे कॉम्प्युटर तोच दुरुस्त करतो. "वहिनी, अँटीव्हायरस हाय, पण दारावर कुणी न्हाई. फायरवॉल टाका. येणाऱ्या-जाणाऱ्याला आडवती."

टाकायलाच हवी. बी.एड.ला माझा नंबर लागलाय, पुण्यात! चौतिसाव्या वर्षी! पंधरा जुलैपर्यंत फी भरायची, मग वर्षभर होस्टेल. पण आमच्या कृषी केंद्राचा साठा, बियाण्यांच्या ऑर्डरी, सगळं या दोन डब्यांत, आणि ते बघते मी. आमचे हे, गोरखराव, गिऱ्हाईक बघतात. ह्यांना एकट्याला मशीन सांभाळता आलं तरच मी जाणार, असं मीच कबूल करून बसलेय.

९ जून

पहिली फायरवॉल टाकली. संपतच्या मते सगळ्यात भारी. पोर्ट नंबर विचारते! ह्यांनी चष्मा पुसला, वाचलं, म्हणाले, "इंद्रे, बाजरीचं बी घ्यायला आलेल्याला ही सातबारा मागती." काढून टाकली. बोलले ते बरोबरच, पण मी तसं कबूल केलं नाही.

१४ जून

दुसरी. ही काहीच विचारत नाही, आपलं आपण ठरवते. खूश होऊन लाडू करायला घेतले, तर संध्याकाळी कळलं — हिने आमचा ईमेलच अडवलाय! सोयाबीनची ऑर्डर तशीच पडून. राखणदारच घरच्यांना आत येऊ देईना.

१८ जून

तिसरी मिळाली. आवडली! कुणी नवं आलं की चौकट येते: अमुक प्रोग्रॅम नेटवर जाऊ बघतोय, हो की नाही? कुणाला काय उत्तर दिलं त्याची तारीखवार नोंदही ठेवते. सगळं इंग्रजीत, म्हणून मॉनिटरला चिठ्ठी डकवली — 'ओळखीचा असेल तर हो, नसेल तर नाही.' याहून सोपं काय असणार?

२० जून

हे सगळ्यांना हो म्हणतात! शेजारी बसून पाहिलं. कुठलातरी जुगाराचा प्रोग्रॅम आला — हो. म्हटलं, अहो, चिठ्ठी! तर म्हणे, "दारात आलेल्या पावण्याला न्हाई कसं म्हणायचं?" राग आला, पण हसलेच मी. बनावट बियाण्याची पिशवी नुसती हातात घेऊन ओळखणारा माणूस हा!

२७ जून

मी तीन दिवस पुण्यात होते, कागदपत्रं तपासून घ्यायला. आले तर दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत. "पेरणीची गर्दी व्हती, हातच लावला न्हाई," म्हणाले. मला बघून लई खूश. चक्क स्टँडवर घ्यायला आले होते.

२ जुलै

परत तेच. हो, हो, हो. दुकानातला बंद.

८ जुलै

आज ओरडले त्यांच्यावर. गिऱ्हाइकासमोर. नको होतं तसं. दुपारी ह्यांनी स्वतः चहा करून आणला, साखर विसरले. मी तसाच प्यायले.

१२ जुलै

ठरलं. नाही जात. कुणाचा दोष नाही, नसतं जमत एखाद्याला. रात्री जेवताना सांगितलं. वाटलं, ह्यांचा जीव भांड्यात पडेल. तर अर्धी भाकरी ताटात टाकून उठले!

१४ जुलै

सकाळी हाक मारली, "इंद्रे, हितं बस." चौकटी येत गेल्या. नाही. नाही. ईमेल — हो. नाही. चिठ्ठीकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. मी थक्क! मग म्हणाले, "ती नोंद उघड. तू पुण्याला व्हती ते तीन दिस बघ."

बघितलं. एकतीस वेळा विचारलेलं. एकही चूक नाही.

"पैल्या दिसापासनं येतंय गं मला. तू जाऊ नये म्हणून..." आणि चष्मा पुसायला लागले.

वेडा माणूस! इतका जीव, आणि सांगायला तोंड नाही. खूप रडले मी, त्यांच्यासमोरच.

उद्या पहिल्या एसटीने दोघं पुण्याला जातोय. फी भरायला.