आईच्या हातचा स्ट्यू

सेंत-आर्मेल,
१७ फेब्रुवारी १९५७

ती. क्लेमांसताईस,
सा. न. वि. वि.

माँट्रियलला तुम्ही दोघं मजेत असाल. इथे बर्फ खिडकीपर्यंत चढलाय. आठ दिवसांत पोस्टमनशिवाय माणूस दिसलेला नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा डावा हात अजून लुळाच आहे. बोलणं सुधारलंय, म्हणजे कुरकुर सुधारली.

आज रविवार, पुन्हा बीफचा स्ट्यू. मांस खरपूस परतायचं, कांदा-गाजर घालायचं, बिडाच्या भांड्यात मंद आचेवर चार तास. मागच्या खेपेला मोहरी आणि व्हिनेगर घातलं, त्याआधी काकवी. बाबांचं एकच, ही आईची चव नव्हे. आज लवंग घातली, तर म्हणे लवंग फार झाली. ताट सरकवून खिडकीकडे बघत बसले. आई नक्की काय घालायची गं? तुला आठवतं का?

आणखी एक. रिमूस्कीच्या नर्सिंग शाळेत मला जागा मिळालीय. पंधरा मार्चच्या आत कळवायचंय. बाबांना बोलले नाही. बोलून उपयोग काय? आई गेल्यापासून तीन वर्षं मी या चुलीला बांधलेली, आणि ऑक्टोबरपासून चुलीपासून बाबांच्या खाटेपर्यंतच चालते आहे.

वैतागले आहे, तरी माया कमी करू नकोस.
तुझी रोलांद


माँट्रियल,
२४ फेब्रुवारी १९५७

चि. रोलांदला अनेक आशीर्वाद.

वेडे, आई सॅव्हरीचा सुका पाला चुरून घालायची, आणि एक पेला काळी बियर. बियरचं फादरना सांगू नकोस, आईला तिकडे वर जाब विचारतील!

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी लग्न करून सुटले आणि तू अडकलीस, हे मला कळत होतं. कळत असून मी फक्त नाताळची भेटकार्डं पाठवली. तू होकार कळव. ईस्टरला मी येते आणि बाबांना इकडे आणते. आमचा नवरोबा आर्मां आधी कुरकुरला, तिसऱ्या मजल्यावर म्हातारा चढणार कसा म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, मी उचलून नेईन. फक्त बाबांना तू सांग. माझी हिंमत नाही.

जपून राहा, आणि ताईला माफ कर.
क्लेमांस


सेंत-आर्मेल,
११ मार्च १९५७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुझ्या सांगण्याप्रमाणे करायला घेतलं. बाबांना कसं सांगावं याच विचारात होते, त्यामुळे सॅव्हरी, बियर, मीठ, सगळं फळीवरच राहिलं. वाढल्यावर चाखून पाहिलं, तर नुसतं पाणी. ताट उचलणार, तोवर बाबांनी घास घेतला आणि म्हणाले, लवंग फार झाली.

ताई, त्यात लवंग नव्हतीच.

मी सरळ विचारलं. आधी ओरडले, बापाची झडती घेतेस का म्हणून. मग चमचा खाली ठेवला. ऑक्टोबरच्या झटक्यापासून त्यांना कशाचीच चव लागत नाही. पाव, कॉफी, सगळं ओल्या फडक्यासारखं. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, निदान स्ट्यू आईच्या हातच्यासारखा झाला तर त्याची चव तरी लागेल. म्हणून दर रविवारी वाट बघायचे.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. रडता रडता रिमूस्कीचंही सांगून टाकलं, तू येणार तेही. त्यांनी चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाले, चव न कळणाऱ्याला कुणीही रांधलं तरी चालतं, तू जा.

आणि तो अळणी स्ट्यू शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

आज सकाळी होकार पोस्टात टाकला. ताई, लवकर ये.
तुझी रोलांद