अर्धविराम दिसला की गोल काळा करा

आळेफाटा, जून २००२, मंगळवार संध्याकाळ

आज क्लासवर आहुप्याची सुमन आली. बँकेच्या परीक्षेत इंग्रजीत नापास झाली. वय संपलं, आता पुन्हा बसता येणार नाही.

दोन वाक्यं जोडायच्या प्रश्नांत ज्या पर्यायात अर्धविराम दिसेल त्याचाच गोल काळा करा, हे मीच शिकवलेलं. नियम समजावायला वेळ लागतो, आणि मला पारगावची बॅच गाठायची असायची. एकदा ती नियम विचारायला थांबली, तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं. पहाटेच्या एसटीनं यायची पोर!

"सर, तुमी सांगितलं तसंच केलं," म्हणाली. राग नाही, काही नाही. रागावली असती तर?

उलट म्हणाली, "धाकटीलाबी तुमच्याकडंच घालायचंय."

मी फॉर्म दिला. तेव्हाही घड्याळ पाहिलंच.