होडीवाल्या मिस्त्रींनी बांधलेली बस

ता. १० ऑक्टो. ४८, रवि.
चर्चमधला मिस्सा आटोपून आले तर अंगणात लॉरी. दादाने लिलावात घेतलेली, मिलिटरीची. पुढे बोनेट, मागे नुसत्या फळ्या. लढाईत दादा असल्याच गाड्या हाकायचा. सकाळपासून तिच्याभोवती घिरट्या. तिची बस करणार म्हणतो, आपल्या गासहून चिंचोटीवरून कामणपर्यंत.
आय म्हणाली, "लॉरीतून केळी जातात. मानसं कशी जातील?"

ता. १२, मंगळ.
बदलीचा हुकूम. कामणची शाळा. दिवाळीची सुटी संपली की २२ नोव्हेंबरला हजर व्हायचं. चालत जाण्याजोगं नाही. तिथे राहावं तर आयचे गुडघे धरलेले, पाणी कोण भरणार? न जावं तर नोकरी...
आय म्हणाली, "राजीनामा दे."
दादा म्हणाला, "बाय, तोवर गाडी उभी करतो."

ता. १६, शनि.
सुतार मिळाला. पाचूबंदरचे जानू मिस्त्री, साठीचे. जन्मभर होड्या बांधल्या, बस एकही नाही. गावातला सुतार का नको, विचारलं.
दादा म्हणाला, "तो खाटा करतो. हलणारी वस्तू यांनाच जमते."
पटलं.

ता. २८, गुरु.
सांगाडा उभा राहिलाय म्हणे. म्हणे, कारण मिस्त्रींनी चहूबाजूंनी गोणपाट लावलंय. पुरी झाल्याशिवाय कोणी बघायचं नाही. दादालासुद्धा बंदी. चहाचा कप गोणपाटाखालून सरकवते, रिकामा तसाच परत येतो. आज कपाबरोबर आवाजही आला, "साखर कमी हाय, बाय."

ता. ६ नोव्हें., शनि.
गोणपाट उतरलं. गाडी देखणी, मधे फुगीर, मागे निमुळती. पण खिडकीच नाही! एकही! चारी बाजूंनी गच्च फळ्या, फटींत कापूस आणि राळ.
"मिस्त्री, खिडक्या?"
"पानी आत शिरल ना, बाय."
"कामणच्या रस्त्यावर पाणी कुठलं?"
टोपी काढून डोकं खाजवलं. गाडीला एक फेरी मारली. मग असे हसत सुटले की खाली बसावं लागलं. दादाला मात्र हसू येईना, दिवस किती उरले!

ता. ८, सोम.
आज मी गाडीत. बाकावर बसून डोळ्यांपाशी फळीवर खडूने खूण केली, मिस्त्रींनी तिथे करवत घातली. लहान मुलांना दिसावं म्हणून दोन खिडक्या मुद्दाम खाली घ्यायला लावल्या. खडू शाळेचा. चालायचंच.

ता. १९, शुक्र.
ठाण्याहून परवान्याचे साहेब आले गाडी तपासायला. ब्रेक ठीक, दिवे ठीक. मागच्या दारापाशी थांबले. "पायरी फार उंच. बायका कशा चढणार? नाही चालायचं." दादाचा चेहरा उतरला. तेवढ्यात साहेबांना ओट्यावर आय दिसली.
"आजी, जरा चढून दाखवता?"
संपलं, म्हटलं. आयने नुसतं नाही म्हटलं की मी घरात. तिला तेच तर हवंय.
आय उठली. लुगडं सावरलं. मिस्त्रींनी दारात बांधलेला दोर धरला, एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मग चढली. दात आवळून, पण चढली. जाऊन खिडकीशी बसली.
साहेब म्हणाले, "झालं आजी, उतरा."
"उतरायला चढले का मी? फिरवा."
निर्मळच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. साहेबही आत. परवाना मिळाला! पण नाताळपर्यंतचाच. पायरी खाली घ्यायची, मग पुन्हा तपासणी.

ता. २०, शनि.
आयला विचारलं, का चढलीस?
"गुडघा चालतो का बघत होते."
एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

ता. २२, सोम.
हजर झाले! गाडीत अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि आय. "शाळा बघायची" म्हणून शेजारणीला पाणी भरायला सांगून आली. दिवसभर शाळेच्या ओसरीत बसली. पोरांनी मला विचारलं, "नवीन बाई कोन, तुम्ही का त्या?" आय म्हणाली, "मी मोठी बाई." पोरं तिच्यापुढे हाताची घडी घालून बसली.
पायरीचा घोळ तसाच. खाली घेतली तर कामणच्या दगडांवर आपटेल, म्हणतो दादा. उंच ठेवली तर साहेब. मिस्त्री दोघांचं ऐकतात आणि "बघू" म्हणतात. नाताळाला महिना उरला.
आयने उद्यासाठी धुतलेलं लुगडं काढून ठेवलंय.