माझ्या बाजूचा ब्रेक

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदापुरताच समज, सध्या पालथं पडायला मला मनाई आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा घसा कसा आहे? घशाची चौकशी मुद्दाम करते, कारण मागच्या आठवड्यात तिने मला फोनवर इतकं समजावलं की तो बसलाच असणार. म्हणून तर पत्राचा खटाटोप. फोन केला की ती तो स्पीकरवर टाकते आणि मला तुझ्याशी जे बोलायचं असतं ते तिच्या सल्ल्यांखाली कुठेतरी दबून जातं.

वहिनीचं म्हणणं असं की जगात सगळ्यांचं आधी ऑपरेशन होतं आणि मग किरणं देतात, मग हिचंच उलटं का? तिला सांग, डॉक्टरीणबाईंना मीही हेच विचारलं, आणि जरा तावातावानेच विचारलं. त्या म्हणाल्या, स्तनातली गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे, आणि ती जागेवर आहे तोवर तिच्यावर नेम धरता येतो. काढून टाकली की उरते रिकामी जागा, मग तिच्या आसपासचा बराच भाग अंदाजाने शेकावा लागतो. म्हणून आधी तेवढ्याच ठिकाणी एकदाच किरणांचा मारा, मग काही आठवडे वाट बघायची आणि मग शस्त्रक्रिया. ही पद्धत अजून अभ्यासात आहे, सरसकट सगळ्यांना लागू पडत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी नीट विचार करून सही केली. (आमचे हे शेजारी बसून विचार करत होते. त्यांचा अजून चालू आहे.) आणि गाठ सापडली कुणामुळे, तर सीटबेल्टमुळे. इतकी वर्षं गाडी शिकवताना शिकाऊ मंडळींच्या डाव्या हाताला बसते, पट्टा डाव्या खांद्यावरून खाली येतो, आणि एक दिवस त्या पट्ट्याखाली काहीतरी नको ते लागलं. पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून मी जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडले, ते निदान पट्ट्याने तरी ऐकलं असं म्हणायचं.

आता किरणांच्या दिवसाची कथा ऐक. मी नेहमीप्रमाणे माझी गाडी स्वतः चालवत गेले आणि दवाखान्याच्या आवारात अशी उलटी लावली की रखवालदार बघत राहिला. तिथपर्यंत सगळं माझ्या ताब्यात होतं. आत गेल्यावर अंगात मागून बांधायचा झगा घातला (त्याच्या नाड्या कुठल्या कुठे बांधायच्या याचंही खरं तर लायसन्स काढायला हवं), एका अरुंद टेबलावर निजवलं, दोन्ही हात डोक्यावर नेऊन पोलिसांनी धरल्यासारखे ठेवायला लावले. छातीवर आधीच बारीक ठिपके गोंदलेले होते, ते भिंतीतून येणाऱ्या प्रकाशाच्या रेघांशी जुळवले. आणि हे सगळं करणारी मशीनवरची बाई तोंडावरचा मास्क खाली करून म्हणाली, “मॅडम, ओळखलंत का?”

ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. ही माझी जुनी विद्यार्थिनी. माझ्या गाडीचा आरसा एकाच महिन्यात दोनदा खांबाला वाहणारी. मी तिला भर चौकात म्हणाले होते की तुझ्या हाती सायकलसुद्धा देऊ नये. आता तिच्या हाती छताला टेकेल एवढं धूड होतं आणि त्याच्याखाली मी, नको तितकी उघडी. ती मात्र अगदी गोड हसली, म्हणाली अजिबात हलायचं नाही, केसभर जरी हललात तरी मशीन आपोआप थांबतं, आणि जाडजूड दार लावून बाहेर गेली. (आपोआप थांबणारी गाडी मला मिळाली असती तर माझे केस एवढे पिकले नसते.)

मशीन सुरू झालं आणि थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. स्पीकरवरून ती म्हणाली, “मॅडम, हलू नका.” मी म्हटलं, मी कशाला हलतेय, तुलाच अजून गिअर सापडत नाही. पुन्हा तेच. शेवटी ती आत आली, माझ्याभोवती फिरली, आणि पायाशी जाऊन उभी राहिली. दादा, माझा उजवा पाय ताठ झाला होता आणि अंगठा टेबलाच्या दिशेने दाबलेला होता. मशीन घरघरलं की मी ब्रेक दाबत होते. माझ्या बाजूचा, तो शिकवणीच्या गाडीत असतो ना, तो. मला पत्ताच नव्हता.

इथे मी काहीतरी विनोद करायला हवा होता, पण मला रडू आलं. सरळच लिहिते, मला भीती वाटली. गाठ आहे हे कळलं तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा मी कामाला लागले होते, कागद, तारखा, तपासण्या. त्या टेबलावर पायाखाली काहीच नाही हे कळलं आणि एकदम वाटली. तिने माझ्या गुडघ्यांखाली उशी सरकवली, पाऊल हातात धरून सैल केलं आणि म्हणाली, “मॅडम, गाडी मी चालवतेय. तुम्ही नुसत्या बसा.” हे वाक्य माझं आहे. पहिल्या दिवशी घाबरलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. मग बाहेरून ती माझ्याच सुरात बोलत राहिली, शाब्बास, पाय सैल, घाई नाही, आणि मशीनने आपलं काम एका दमात केलं. दुखलं काहीच नाही. उतरताना मी तिला म्हटलं, बरी चालवतेस. (माझ्या तोंडून एवढं ऐकायला लोक वर्षं घालवतात.)

आता गाठीला नोटीस दिलेली आहे आणि जागा रिकामी करण्याची तारीख पुढच्या महिन्यातला दुसरा सोमवार. थकवा थोडा आहे, कातडी थोडी लाल आहे, बाकी मी नेहमीसारखीच त्रासदायक आहे. काळजीचं काही कारण नाही आणि कुणी धावत यायचीही गरज नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. कुणी धावत यायची गरज नाही, असं वर लिहिलंय ते वहिनीसाठी.

ता. क. २. ऑपरेशननंतर काही आठवडे मला गाडी चालवता येणार नाही. ह्यांना चालवता येत नाही, हे तुला माहीतच आहे (ते शिकणार होते, अजून विचार चालू आहे). टॅक्सीत मी परवा इतक्या जोरात ब्रेक दाबला की टॅक्सीवाल्याने पायपुसणं तपासलं. तेव्हा तू तुझी गाडी घेऊन ये. तू गोल चौकात थांबून सगळ्यांना आधी जा म्हणायचास, म्हणून मी तुला माझ्या शिकवणीतून हाकललं आणि तू चिडून पुलापलीकडच्या स्कूलमध्ये शिकलास. तेव्हापासून मी तुझ्या गाडीत बसलेले नाही. गाडी तू चालवत नाहीस, तिची समजूत काढतोस, या माझ्या मतात बदल नाही. पण दवाखान्यापासून घरापर्यंत खड्डे फार आहेत, आणि त्या दिवशी टाके असतील.

ता. क. ३. पुढच्या सीटचा पट्टा नेमका त्याच बाजूवरून जातो, म्हणून मला तुझ्या मागच्या सीटवर बसावं लागेल. तिथून रस्ताही धड दिसत नाही.

ता. क. ४. आदल्या दिवशी ये, म्हणजे रिकाम्या रस्त्यावर मला एकदा तुझी चाचणी घेता येईल. आरसे, इंडिकेटर, उलटी गाडी, सगळं.

ता. क. ५. चाचणी राहू दे. नुसता ये.