कारणाचा रकाना

९ सप्टेंबर, मंगळवार

गुडघा. एवढं एकच कारण. नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझाच माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको. एकतीस वर्षं मी लोन एल्म गावच्या शाळेत गांजाविरुद्ध भाषणं दिली, त्यातली एकवीस मुख्याध्यापक म्हणून. पण आता कायदा बदलला, वय बदललं, आणि माणसानं मोकळ्या मनाचं असावं. सत्तराव्या वर्षी मोकळं झालेलं मन गावाला दिसू नये म्हणून चाळीस किलोमीटरवरच्या डॅनबीला गेलो.

गांजाचं सरकारमान्य दुकान. दवाखान्याइतकं स्वच्छ. काउंटरवरच्या बाईनं वर पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, क्लासन सर!"

मी विद्यार्थी विसरत नाही. शेल्बी हॅलिक. बारावी, मे १९९७. बर्फावर दगड सरकवायचा आमचा खेळ कर्लिंग, त्याच्या हॉलमागे तिच्या जॅकेटच्या खिशात गांजाची पुडी सापडली. बारावीच्या निरोप समारंभाला तीन आठवडे राहिले होते. मी तिला शाळेतून काढून टाकलं. समारंभासाठी आईनं ड्रेस शिवून ठेवला होता, असं नंतर कानावर आलं.

"कशासाठी हवंय, सर?" तिनं विचारलं. म्हणे सगळ्यांनाच विचारतात. गुडघा म्हणालो. मग ओळखपत्र मागितलं. डोक्यावर एक काळा केस उरलेला नाही, तरी ओळखपत्र! म्हणाली, "नियम म्हणजे नियम, सर." हे वाक्य माझं आहे. शाळेत दिवसातून दहादा म्हणायचो.

जेलीच्या गोळ्यांची डबी घेऊन बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, सॉरी म्हणायचं राहिलं.

१० सप्टेंबर

डबी तळघरातल्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या जुन्या बादलीत. माझी बायको व्हेर्ना असली बादली कधी टाकत नाही. आमच्या घरात त्यात सूप असतं, बोरं असतात, खिळेसुद्धा असतात. हिच्यावर 'कोबीचे रोल' अशी चिठ्ठी होतीच. उत्तम. कोबीला कोण हात लावतो?

गोळी खाल्ली नाही. गुडघा आज बरा आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

संकल्प: आज माफी. वाक्य तयार केलं: "१९९७ साली मी जरा घाई केली." आरशासमोर दोनदा म्हटलं. 'जरा' काढायचा की ठेवायचा, यात रस्ता संपला.

माझ्या पुढे एक आजी होती. नवरा घोरतो म्हणून आलेली. गोळी ती स्वतः घेणार की त्याला देणार, कळलं नाही. मग माझा नंबर. "आज कशासाठी, सर?" तोंडातून निघालं, "झोप." दुसरी डबी.

(झोपेची तक्रार नाही. व्हेर्नाच्या मते नऊलाच मी ट्रॅक्टर सुरू करतो.)

२३ सप्टेंबर

कारण: मनःशांती. तिसरी डबी. दुकानात गर्दी होती. अशा गोष्टी गर्दीत बोलायच्या नसतात.

३० सप्टेंबर

दुकानात कोणीच नव्हतं. एवढ्या शांततेत तर अजिबातच बोलता येत नाही.

कारण विचारलं तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. म्हणालो, "मेहुणी येणार आहे." तिनं गंभीरपणे मान हलवली आणि डबी दिली. चौथी.

७ ऑक्टोबर

कारण: संशोधन. पाचवी. तिनं भुवया उंचावल्या. शाळेत मी उंचावायचो तशाच.

आता स्वतःशी स्पष्ट बोलायला हवं. धीर कमी पडतोय. त्यावरही ही वस्तू चालते, असं त्या दिवशी रांगेतली आजी सांगत होती. उद्या व्हेर्ना चर्चच्या मीटिंगला गेली की एक गोळी घ्यायची.

८ ऑक्टोबर, दुपारी २

घेतली. चव संत्र्याची. परिणाम नाही. माझी इच्छाशक्ती जबरदस्त असणार.

दुपारी ४

टीव्हीवर कर्लिंग लावलं. दोघी पोरी ब्रश घेऊन दगडापुढचं बर्फ घासत धावत होत्या. दगड सोडला तिसरीनं, आणि नीट जावा म्हणून जीव तोडून या घासतायत. एकदम रडू फुटलं. अर्धा तास रडलो. शाळेत त्या पोरीसाठी कोणी ब्रश घेऊन धावलं नव्हतं, हेच डोक्यात. मी तर तिच्या वाटेतच उभा होतो.

फार कडक माल आहे. पुन्हा घेणार नाही.

१४ ऑक्टोबर

कारण: गुडघा (दुसरा). सहावी डबी. सॉरी नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चचं सुगीचं जेवण. टर्की, बटाटे, भोपळ्याच्या गोड पाई, अडीचशे माणसं. मी दारात तिकिटं फाडत होतो. आतून पास्टरची बायको ग्लॅडिस हिचा आवाज आला, "व्हेर्ना, अगं हे कसले कोबीचे रोल?"

कमिटीनं ऐनवेळी कोबीचे रोल मागितले. व्हेर्नानं फ्रीझरमधून बादली उचलली आणि चिठ्ठीवर भरवसा ठेवला. या प्रांतात कोणीही ठेवला असता.

आत गेलो. टेबलावर सहा डब्या रांगेत. भोवती एप्रन घातलेल्या सात बायका, चष्मे नाकावर. म्हटलं संपलं. आता माझं नाव चर्चच्या पत्रकात.

ग्लॅडिसनं एक डबी उजेडात धरली आणि म्हणाली, "ही गुडघ्याला काही कामाची नाही. मी दोन महिने खाऊन बघितली." दुसरी म्हणाली, ती केमो झाल्यापासून घेते, नाहीतर घास उतरत नाही. तिसरीला मुलगा गेल्यापासून झोप नाही. चौथी म्हणाली, तिला काहीही झालेलं नाही, तिला फक्त आवडतं, आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. कोणी कोणाला दटावलं नाही. मग ग्लॅडिस म्हणाली, "पण ऑर्व्हिल, तू? तू तर आमच्या पोरांना गांजाविरुद्ध पोस्टर काढायला लावायचास!" मी तिकिटं फाडायला परत गेलो.

गाडीत व्हेर्ना म्हणाली, "माझ्या बोटांना मी चार वर्षं जे तेल लावते ना, तेही त्याच दुकानातलं. तुला काय, निलगिरीचं वाटलं?" मला निलगिरीचंच वाटलं होतं. मग म्हणाली, "सहा डब्या, ऑर्व्हिल. पाचांचं सील तसंच. खात तर नाहीस. मग दर मंगळवारी जातोस कोणाकडे?"

सांगितलं सगळं. हॅलिकांची पोरगी डॅनबीच्या काउंटरवर असते हे ऐकूनच पहिल्यांदा गेलो होतो, तेही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "अरे माणसा, माफी मागायची होती तर माफी मागायची. दुकान कशाला विकत घेतोस?"

२१ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो. तिनं विचारायच्या आत एका दमात बोललो. "शेल्बी, १९९७ साली मी चुकलो. तुझं काही ऐकून घेतलं नाही. मला माफ कर."

ती हळूच म्हणाली, "सर, मी जोलीन. धाकटी. तेव्हा आठवीत होते. तुम्हीच मला कर्लिंगचं मेडल दिलं होतं."

मी विद्यार्थी विसरत नाही, असं वर लिहिलंय. खोडायला हवं.

तिनं स्टूल दिलं, मी बसलो. म्हणाली, "आणि पुडी शेल्बीची नव्हतीच. बाबांसाठी होती. कॅन्सर होता, पोटात काही ठरत नव्हतं. कोणीतरी सांगितलं यानं भूक लागते, म्हणून ती आणायला गेली. तुम्हाला सांगत होती, सर. तुम्ही म्हणालात, 'कारणं नकोत.'"

म्हणालो होतो. फॉर्मवर कारणाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'बेशिस्त.' अक्षर छान आलं होतं. बाबा जूनमध्ये गेले म्हणाली.

आठ तारखेच्या रडण्याचंही सांगितलं. निदान मालाला तरी दोष द्यावा. ती म्हणाली, "त्यात नशेचं काही नसतं, सर. पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला तसल्याच देतेय. तुमचा चेहरा बघून."

म्हणजे रडलो तो मीच.

निघताना कागदावर शेल्बीचा नंबर लिहून दिला. ती रिजायना शहरात असते. "तिलाच सांगा," म्हणाली. पहिल्यांदाच मोकळ्या हातानं बाहेर आलो.

२२ ऑक्टोबर, सकाळी १०

संकल्प: फोन. वाक्य तयार आहे, 'जरा' काढून टाकलाय. व्हेर्ना मुद्दाम शेजारी गेली.

सकाळी १०:४०

लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडून अगदी शांत आवाजात, "बोला सर. काय कारण काढलंत?"

मी म्हणालो, "गुडघ्यासाठी कुठली गोळी चांगली, ते विचारायचं होतं."

ती म्हणाली, "ते जोलीनला विचारा." पण फोन ठेवला नाही. पलीकडे किटली उकळायला लागलेली ऐकू येत होती. तिनं ती बंद केली आणि थांबली. मग म्हणाली, "अजून काही, सर?"

मी म्हणालो, "नाही, एवढंच."

गुडघा ठणठणीत आहे. कधी दुखलाच नव्हता.